काम सांगा, मंग घडी सांगतो

शहारे काकांनी हात पुढे केला की नवखा माणूस हमखास फसायचा. त्याला वाटायचं, शेकहँड आहे. तो बिचारा हात द्यायचा आणि काका तो हात सरळ मनगटापाशी पकडून उलटा करायचे. मग त्यावरचं घड्याळ डोळ्यांजवळ ओढून घेत विचारायचे, "काम काय करता?"

नाव नाही, गाव नाही. पहिला प्रश्न कामाचा.

समोरचा म्हणायचा, "एसटीत कंडक्टर आहे."

"मंग हे चेनची घडी काऊन घातली? दिवसभर हात चामड्याच्या बॅगेत जाते अन् येते. चेन अडकते का नाही?"

कंडक्टर चमकून मनगटाकडे बघायचा. चेनची एक कडी खरंच तुटलेली असायची.

"पट्ट्याची घ्या. कारा पट्टा. घाम दिसत नाही."

एवढं झाल्यावर हात सुटायचा. नाव विचारायचं राहूनच जायचं. काकांच्या ओळखीत असे बरेच लोक होते, ज्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, पण कोणाच्या घड्याळाची काच कुठे तडकली आहे ते पाठ होतं.

गोंदियाजवळच्या गोरेगावला बाजाराच्या मागच्या ले-आऊटमध्ये त्यांचं घर आमच्या घराला लागून. त्यांची सारी नोकरी इटियाडोह धरणाच्या नहरावर गेली. कालव्याचं गेट कोणत्या गावासाठी किती वाजता उघडायचं आणि किती वाजता बंद करायचं, हे त्यांचं काम. नव्व्याण्णव साली रिटायर झाले, बायकोच्या माहेरगावी म्हणून इथे दोन खोल्या बांधल्या आणि हातातलं गेट सुटलं म्हणून की काय, गावातल्या मनगटांचा ताबा घेतला.

त्यांचं म्हणणं असं की घड्याळ माणसाला शोभायला नको, कामाला शोभायला पाहिजे. "काम सांगा, मंग घडी सांगतो," हे त्यांचं ब्रीद. नर्सबाईला सेकंदकाटा लांब आणि लाल पाहिजे, कारण तिला नाडी मोजायची असते. ट्रक चालवणाऱ्यानं घड्याळ उजव्या हातात बांधावं, डावा हात गिअरवर असतो आणि हादऱ्यानं घडीचं पोट बिघडते. पोलिसाची घडी जड पाहिजे. का, असं विचारल्यावर म्हणाले, "हात उगारला तं समोरच्याले पयले घडी दिसली पायजे. कधी कधी तेवढ्यानंच काम होते."

एकदा चहाच्या टपरीवर तलाठी बसले होते. कोणीतरी मुद्दाम काडी टाकली, "काका, साहेबांना कोणती घडी बसन?"

काकांनी तलाठ्याचा हात धरलासुद्धा नाही. चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "तलाठ्याले घडी कायले पायजे? कॅलेंडर द्या."

टपरी हसली. तलाठी पण हसला. पण पुढे काकांच्या घराचा फेरफार त्याने दीड वर्ष अडकवून ठेवला. काकांना त्याचं फार वाईट वाटलं नाही. म्हणाले, "पाहा, म्या म्हटलं होतं ना? कॅलेंडर."

आमच्या भागात नोकरी लागली की पोट्टे काकांना घेऊन गोंदियाला जात. बाजारात एक घड्याळाचं दुकान होतं. काका पायरी चढताना दिसले की गल्ल्यावरचा सेठ कपाळाला हात लावायचा. "आ गए काका. अब दो घंटा गया." काका लक्ष द्यायचे नाहीत. पोट्ट्याला खुर्चीवर बसवायचे आणि त्याच्याकडून त्याचं काम करून घ्यायचे. म्हणजे तो बँकेत लागला असेल तर नोटा मोजल्यासारखं करायला लावायचे. लाइनमन असेल तर दुकानातच हात वर करून खांबावर चढल्याचा अभिनय. बाकीची गिऱ्हाइकं बघत राहायची. मग काका एक घड्याळ निवडायचे आणि ते दुसऱ्या कोणी बदलू शकायचं नाही. सेठ एकदा म्हणाला, "काका, उसको दूसरा पसंद है." काका म्हणाले, "पसंद बायको करा लागते. घडी नाही."

लग्नांच्या बाबतीतही त्यांनी घोळ घातलेला आहे. आमच्याच ले-आऊटमधल्या एका लग्नात सासऱ्याने नवरदेवाला सोनेरी घड्याळ चढवलं. काका आशीर्वाद द्यायला गेले आणि हात पकडून बसले. "काम काय करता जी?" नवरदेव म्हणाला, बिझनेस. "कायचा?" नवरदेवाने बापाकडे पाहिलं, बापाने मामाकडे. काकांनी तिथेच जाहीर केलं, "काम ठरू द्या, मंग घडी बांधा." मुलीच्या आईने डोळ्याला पदर लावला. ते लग्न टिकलं, पण त्या घरात काकांना पुन्हा जेवायला कोणी बोलावलं नाही.

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे. खरं म्हणजे कित्येक वर्षं मला या माणसाचा रागच होता.

दोन हजार एक साली मी एका खासगी शाळेत मास्तर म्हणून लागलो. विनाअनुदानित शाळा. संस्थाचालक म्हणाले, अनुदान येऊन राहिलं आहे, दोन वर्षं कळ काढा. हातात ऑर्डर होती, त्यावर शिक्का होता. मी घरी आईच्या पाया पडलो आणि लगेच शेजारी गेलो. मनात गोंदियाचं दुकान होतं. मला खडू हातात धरल्याचा अभिनय करायला लावतील, हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

काकांनी ऑर्डर दोनदा वाचली. "पगार किती?"

"अनुदान आल्यावर सुरू होईल."

त्यांनी कागद घडी करून परत दिला. "मंग अनुदान आल्यावर ये."

"पण काका, नोकरी तर लागली ना."

"पगार नाही तं नोकरी नाही गा. सवय आहे ते. सवयीले घडी नसते."

काकू आतून ओरडल्या, "काय बोलून राहिले तुम्ही पोराले!" पण बोलणं झालं होतं. मी घरी आलो तेव्हा माझे कान तापले होते. पुढच्या आठवडी बाजारात जमिनीवर पोतं टाकून बसलेल्या माणसाकडून मी स्वतःच एक घड्याळ घेतलं. काकांनी कुंपणावरून माझा हात ओढून ते पाहिलं आणि काही न बोलता सोडून दिला. बोलले असते तर बरं झालं असतं.

अनुदान दोन वर्षांत आलं नाही. चार वर्षांत आलं नाही. दर जूनमध्ये शाळा उघडली की काका कुंपणापाशी उभे असायचे. "का गा टेंभरे मास्तर, आलं का?" मी म्हणायचो, "येऊन राहिलं." सकाळी शाळेत शिकवायचो, दुपारी भावासोबत धानाच्या बांधीत उतरायचो. माझं जुळत आलेलं लग्न दोनदा मोडलं. दोन्ही वेळा पाहुण्यांनी तोच पगाराचा प्रश्न विचारला होता जो काकांनी विचारला होता. पाहुण्यांचा मला राग आला नाही. काकांचा आला.

त्यांचा मुलगा प्रवीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. बी.ए. झाला, मग नुसते फॉर्म भरत राहिला. पोलीस भरतीला धावला, रेल्वेच्या परीक्षेला बसला, वनरक्षकाला उंचीत अर्ध्या इंचाने गेला. काका त्याला काही बोलायचे नाहीत, हे मला तेव्हा विचित्र वाटायचं. साऱ्या गावाला फाडून बोलणारा हा माणूस पोराच्या रिकाम्या मनगटाकडे नजरसुद्धा टाकत नसे.

दोन हजार सातला प्रवीण नागपूरला गेला आणि महिन्याभराने फोन आला. कंपनीत लागलो. काचेची बिल्डिंग आहे, एसी आहे, ऑफिसचं काम आहे. त्या दिवशी काकांनी ले-आऊटच्या प्रत्येक घरी पेढे दिले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने एकटेच गोंदियाला गेले. आणलेलं घड्याळ त्यांनी आम्हा सगळ्यांना दाखवलं. सोनेरी, चपटं, पिवळसर डायल, बारीक तपकिरी पट्टा.

"आफिसरची आहे," म्हणाले. "पूर्ण बाहीच्या शर्टातून अर्धीच दिसते. अर्धीच दिसली पायजे."

मला हेवा वाटला. आत जाऊन मी आईशी विनाकारण भांडलो.

पुढच्या वर्षी डिसेंबरात नागपूरला अधिवेशन होतं आणि आम्हा बिनपगारी मास्तरांचं तिथे धरणं होतं. मी निघालो असं कळल्यावर काका आले. "मले बी ने. प्रवीणचं आफिस पाहून येतो. त्याले सांगू नको, अचानक जाऊ." सोबत काकूंनी दिलेला चिवड्याचा डबा आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी.

गोंदियाहून गाडीत बसलो. त्या प्रवासात त्यांनी मला पहिल्यांदा नहरावरची एक गोष्ट सांगितली.

"साडेदहाले गेट बंद करायचं होतं. तिथून पानी खालच्या गावाले. मी चाबी लावली तं मोठा कास्तकार आला. म्हने, माह्या घडीत आता दहा वाजले. तुह्या घडीपेक्षा माही घडी महाग आहे. म्या म्हटलं, महाग आहे म्हनूनच मागं आहे."

मी हसलो. काका हसले नाहीत.

"मंग साहेब आला जीपनं. मले वाटलं, दोन्ही घड्या पाहीन. त्यानं घड्या नाही पाहिल्या. दोघाचे तोंडं पाहिले. म्हने, शहारे, पाटलाच्या घडीनं चाला."

"मग?"

"मंग काय. चाललो. त्याच्या घडीत दिवसभर साडेदहा वाजलेच नाही. खालच्या गावाले त्या दिवशी पानी गेलंच नाही. त्या लोकांनी शिव्या मलेच देल्या."

तो पाटील माझ्याच जातीचा असणार. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी आपल्या घड्याळाला चावी दिली. मग म्हणाले, "माही घडी बरोबर होती गा. त्याच सकारी रेडिओवर लावली होती."

नागपूरला मी धरण्याच्या मांडवात नाव लिहून आलो आणि काकांसोबत चिठ्ठी घेऊन निघालो. दोन ऑटो बदलले. बिल्डिंग खरंच काचेची होती. समोरच्या रस्त्यावर संत्र्यांची हातगाडी लागली होती, तिथे उतरलो. काकांनी शर्टाची कॉलर नीट केली.

फाटकापाशी निळ्या गणवेशातला गार्ड उभा होता. गाडी आली की दांडा वर करायचा, सलाम ठोकायचा, गाडी गेली की दांडा खाली. डोक्यावरची टोपी मोठी होती, कानापर्यंत आलेली. तिसऱ्या गाडीला त्याने मान वर केली तेव्हा मी ओळखलं.

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. सात वर्षांचं काहीतरी फिटल्यासारखं. ती भावना टिकली नाही, पण आली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

नंतर माझ्या तोंडून हाक निघणार, तेवढ्यात काकांनी माझं मनगट पकडलं. नेहमीसारखं उलटं केलं नाही. नुसतं घट्ट धरलं.

"हाक नको मारू."

आम्ही संत्र्यांच्या गाडीमागे उभे राहिलो. एका कारवाल्याला दांडा उशिरा उघडल्यासारखा वाटला, तो काच खाली करून काहीतरी बोलला. प्रवीणने दोन्ही हात जोडले. काका बघत होते. संत्रेवाला म्हणाला, "चाचा, लेना है तो लो, नहीं तो बाजू हो जाओ, धंदे का टाइम है." काकांनी एक किलो संत्री घेतली. पैसे देताना त्यांची नजर फाटकावरच होती.

"सोनेरी घडी नाही घातली त्यानं," ते म्हणाले.

मी संत्र्यांची पिशवी त्यांच्या हातातून घेतली.

"बरोबर केलं. गार्डाच्या हातात तसली घडी दिसली, अन् आत कोनाची काही चीज हरवली, तं पयले यालेच उभं करतीन. म्याच चुकीची देल्ली."

आणखी अर्धा तास आम्ही तिथे होतो. प्रवीणला भेटलो नाही. धरण्याच्या मांडवातही परत गेलो नाही. चिवड्याचा डबा तसाच परत आला.

घरी पोचलो तेव्हा काकू दारात उभ्या. "भेटला का? कसा आहे?"

"मीटिंगमधी होता," काका म्हणाले. "मोठ्या सायबाची मीटिंग. बाहेर येऊ शकला नाही, पर हे संत्रे पाठवले तुह्यासाठी."

काकूंनी पिशवी छातीशी धरली. शहारे काकांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि इतकं सफाईने, की मलाच क्षणभर वाटलं, मीटिंग असेल.

चार दिवसांनी ते मला गोंदियाला घेऊन गेले. सेठने नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावला, पण काकांनी त्या दिवशी दोन तास घेतले नाहीत. दहा मिनिटांत एक काळं, रबरी पट्ट्याचं, रुंद घड्याळ निवडलं. पाणी जात नाही, बटण दाबलं की उजेड लागतो.

"किसके वास्ते, काका? काम क्या करता है?" सेठ चेष्टेने म्हणाला. काकांचाच प्रश्न त्याने काकांना टाकला होता.

"आपलाच मानूस आहे," काका म्हणाले. "बांधून द्या."

ते पार्सल प्रवीणला माझ्या नावाने पाठवायचं होतं. सोबत काय लिहायचं, तेही त्यांनीच सांगितलं. शाळेच्या कार्यक्रमात मला हे भेट मिळालं, माझ्याकडे एक आहे, तू वापर. ज्या शाळेने मला सात वर्षांत एक पगार दिला नव्हता तिने मला घड्याळ दिलं, असं मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. काकांनी ते वाचून पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुहं." माझ्याबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द.

प्रवीणचा फोन आला. थँक्यू म्हणाला. घड्याळ चालतंय का, एवढंच मी विचारलं. म्हणाला, "लय कामाची आहे, सर."

ले-आऊटमध्ये प्रवीण ऑफिसरच राहिला. कोणी विचारलं की काका म्हणायचे, "ड्युटी लय कडक आहे त्याची," आणि विषय बदलायचे. गंमत म्हणजे त्यानंतर त्यांचं लोकांचे हात धरणं कमी होत गेलं. कोणा पोट्ट्याने नोकरी लागल्याचं सांगितलं की विचारायचे, "जेवाची खानावर बरी आहे का तिथं?" जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कुंपणापाशी आले, पण अनुदानाचं विचारलं नाही. त्याने मला जास्तच वाईट वाटलं.

दोन वर्षांनी चौदा एप्रिलच्या जयंतीला प्रवीण दोन दिवसांची सुट्टी काढून आला. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात ती सोनेरी घडी. काकू त्याला ओवाळत होत्या आणि मी दारात होतो. जेवायला बसताना त्याने बाह्या सरकवल्या. नागपूरच्या उन्हाने हात काळाठिक्कर झाला होता, आणि त्या बारीक तपकिरी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या, रुंद पट्ट्याचा पांढरा वळ. माझं लक्ष गेलं, म्हणजे काकांचं गेलंच असणार. मनगटावरचं काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

ते म्हणाले, "टाइम बरोबर दाखवते ना?"

"एकदम बाबा. ऑफिसात सगळे विचारतात, कुठून घेतली म्हणून."

"विचारतीनच," काका म्हणाले. "भाजी घे अजून."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला सोडायला मी आणि काका बस स्टँडवर गेलो. गर्दी होती. प्रवीणला खिडकीजवळ जागा मिळाली. तो बसताना त्याने बूट सैल केले आणि डोळे मिटून एक क्षण मान मागे टाकली. मग आम्हाला हात केला. बस गोंदियाच्या रस्त्याला लागेपर्यंत काका उभे राहिले.

परत येताना ते औषधाच्या दुकानापाशी थांबले.

"मास्तर, दिवसभर उभं राहते त्या मानसाच्या पायाले काय लावत असतेत?"

मी जरा कडवटपणेच म्हणालो, "मला काय माहीत? मीपण तर दिवसभर उभाच असतो, काका. मी काही लावत नाही."

"तुह्या वर्गात खुर्ची आहे," काका म्हणाले. "त्याच्या फाटकापाशी नाही. पाहिलं म्या."